नॅचरल आणि चार चादरींची हिरवळ

माझ्या दादाला बाजारपेठेत कुणी नावानं ओळखत नाही. सगळे त्याला 'नॅचरल' म्हणतात. तो फोटोग्राफर आहे, आणि समोर कुणीही बसलेलं असो, अगदी पासपोर्टच्या फोटोसाठी घरच्यांनी ओढून आणलेला म्हातारा असला तरी, दादा ओरडतो, "नॅचरल राहा, नॅचरल!" हे ऐकून आजवर एकही माणूस नॅचरल राहिलेला नाही. चांगला हसताबोलता माणूस त्या एका शब्दानं लाकूड होतो. पण हे दादाला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

त्याच्या स्टुडिओला लागून माझं ब्यूटी पार्लर आहे. मधली भिंत इतकी पातळ, की तिकडे तो ओरडला की इकडे माझ्या खुर्चीतली बाई दचकते, आणि भुवया कोरताना बाई दचकलेली परवडत नाही. दिसायला दादा असा: पोट पुढे, टोपी मागे, अंगात बारमाही खिशांचं जाकीट. खिसे ढीगभर, पण हवी ती वस्तू कुठल्याच खिशात सापडत नाही. सगळ्या पँटी गुडघ्यावर विरलेल्या, कारण चांगला फोटो म्हटलं की हा जमिनीवर लोळलाच. वहिनी पोस्टात खिडकीवर बसते. ती म्हणते, "लोकांचे नवरे पिऊन लोळतात, माझा शुद्धीत लोळतो."

पासपोर्टच्या फोटोंवर घर चालत नाही. दादाला खरं तारलं ते खासगी कॉलेजांनी. मधल्या काळात आमच्या भागात खासगी कॉलेजांचं असं पीक आलं, की काल जिथं टायरचं गोदाम होतं तिथं आज 'व्यवस्थापन व विज्ञान'. आणि कॉलेज काढायचं म्हणजे आधी माहितीपत्रक लागतं. शिक्षक काय, मागाहून मिळतात. ते गुळगुळीत कागदावरचं माहितीपत्रक, ज्यात पोरंपोरी झाडाखाली बसून कशाला तरी हसत असतात, त्यातले फोटो आमचा दादा काढतो. पोरं कशाला हसतात हे कुणालाच माहीत नसतं.

कॉलेजांची नावं आमच्या घरात कुणी घेत नाही. सगळ्यांच्या नावात 'जागतिक' नाहीतर 'प्रगत' असतंच, त्यानं घोटाळा होतो. म्हणून आम्ही त्यांना फोटोवरून ओळखतो. कारंजेवाले, घुमटवाले, हिरवळवाले. कारंजेवाल्यांचं कारंजं फोटोपुरतं उडतं. एरवी त्यात शिपायाची सायकल उभी असते. पण त्यांच्याकडे गणिताचे एक सर आहेत, सोन्यासारखे. सर काळेसावळे, टक्कल पडलेले, म्हणून त्यांचा फोटो कुणी मागितला नाही. घुमटवाल्यांकडे पुस्तकांचं कपाट एकच. ते तीन खोल्यांतून फिरवून दादानं त्याचं वाचनालय केलं. आणि हिरवळवाल्यांची हिरवळ म्हणजे चार चादरी शेजारी शेजारी वाळत घातल्या तर जेवढी जागा लागेल तेवढी. दादा पोटावर आडवा झाला, कॅमेरा गवताला टेकवला आणि पत्रकात ती हिरवळ पार आभाळापर्यंत नेऊन भिडवली.

या सगळ्या कॉलेजांत एकच मुलगी शिकत होती. ती म्हणजे आमची खारू.

खारू दादाची एकुलती एक. लहानपणी पुढचे दोन दात खारीसारखे होते, तेव्हापासूनचं नाव. दात सरळ झाले, नाव राहिलं. दादानं तिला फोटोत घ्यायला सुरुवात केली ती नाइलाजानं. कॉलेजं आपापले विद्यार्थी पुढे करायची, आणि खऱ्या विद्यार्थ्यांची एक वाईट खोड असते. ते कॅमेऱ्याकडे बघतात. कॅमेऱ्याकडे बघितलं की फोटो मेला, हे दादाचं शास्त्र. "कॅमेरा इथं नाहीच असं समजायचं. मीही नाही. आपण आपल्या नादात." हे जमायचं ते फक्त खारूला, कारण तिला त्यानं तसं घडवलं होतं. ती इवलीशी असल्यापासून बापलेकीचा एक खेळ होता. तिनं काहीतरी करत बसायचं, आणि दादानं कॅमेरा रोखून हाका मारायच्या. "खारू, इकडे बघ! खारू, अगं पाल! खारू, आइस्क्रीम!" बघितलं की हरली. पहिल्या पहिल्यांदा ती पालीला हरायची, मग आइस्क्रीमला. नंतर हरायचीच बंद झाली. पुढे पुढे तर दादानं तिच्या मागे पत्र्याचा डबा आपटला तरी पोरीची मान हलायची नाही. मी म्हणायचे, "अरे, कान तपासून घे एकदा तिचे."

मेकअप माझ्याकडे. मेकअप केलाच नाही असं वाटणारा मेकअप, म्हणजे ज्याला सगळ्यात जास्त वेळ लागतो तो. घुमटवाल्यांकडे केस मोकळे, कारंजेवाल्यांकडे वेणी, हिरवळवाल्यांकडे चष्मा. चष्म्याला काचा नव्हत्या, चमकतात म्हणून. आणि हातात कायम तोच सूक्ष्मदर्शक. दादानं तो भंगारवाल्याकडून आणला होता. वरची काच गायब, मधला भाग डिंकानं चिकटवलेला. त्याला डोळा लावून खारू इतकी तल्लीन व्हायची, की घुमटवाल्यांच्या संचालकांनी एकदा दबक्या आवाजात विचारलं, "काय शोधतेय हो ती?" त्या नळीतून टेबल दिसायचं. तेही धड नाही.

तर शाळा संपली, खारूला चांगले गुण पडले, आणि घोडं अडलं. आता तिला खरोखर कुठंतरी शिकायला जायचं होतं.

दादानं जेवणाच्या टेबलावर सगळी माहितीपत्रकं पत्त्यांसारखी पसरली. "निवड," म्हणाला.

वहिनीनं एक उचललं. "हे तुम्हीच काढलेत ना?"

"म्हणून तर खात्रीनं सांगतोय!" दादा म्हणाला.

मी त्याच्याकडे बघतच राहिले. पण त्याच्या चेहऱ्यावर चेष्टेचा मागमूस नव्हता.

"मला विद्यापीठात जायचंय," खारू म्हणाली. "वनस्पतिशास्त्राला."

विद्यापीठ म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला सरकारचं ते अवाढव्य प्रकरण. इमारती इतक्या, की काही इमारती विद्यापीठालाच माहीत नसाव्यात. त्यांना माहितीपत्रक वगैरे लागत नाही. जी काय माहिती असते ती फाटकाजवळच्या फळ्यावर चिकटवतात, गेल्या वर्षीच्या माहितीवर, आणि ती त्याच्या आदल्या वर्षीच्या माहितीवर. फळा वर्षावर्षाला जाड होत चाललाय.

"त्यांच्याकडे धड एक फोटो नाही!" दादा म्हणाला. "आणि हे बघ. हिरवळवाले. वर्गात मोजकी मुलं. प्रत्येकाला नावानं ओळखतात. शिवाय तुला फीमध्ये सवलत द्यायला तयार आहेत."

"देतीलच. माझा चेहरा चौकात टांगलाय त्यांनी," खारू म्हणाली.

तेही खरं होतं. मोठ्या चौकात हिरवळवाल्यांचा फलक होता, दुमजली घराएवढा. त्यावर खारू त्या अथांग गवतातून चालत येतेय, वह्या छातीशी, आणि खळखळून हसतेय. दादा रोज स्कूटरवरून त्याखालून जायचा, आणि तिथं त्याचा वेग आपोआप कमी व्हायचा. मागचे लोक शिव्या घालायचे. मी मागे बसलेली असले की मलाही त्यातल्या निम्म्या पडायच्या.

"बघ कशी खूश दिसतेय तिथं," तो म्हणायचा.

"दादा, ती का हसली विसरलास? तू मागे मागे सरकत गेलास आणि गुलाबाच्या वाफ्यात बसलास. मी काटे काढलेत तुझे. कुठले ते सांगू?"

"असेल. पण हसली तर तिथंच ना?"

आता याला काय म्हणावं? दुरून डोंगर साजरे हे ठीक. पण हा डोंगर यानंच पुठ्ठ्याचा केला, यानंच रंगवला, आणि आता यालाच तिथं लेकीला राहायला पाठवायचं होतं. आपल्याच टोपीतून ससा काढावा आणि त्याला पाला आणायला बाजारात जावं, तसला प्रकार. लोकांच्या डोळ्यांत धूळ फेकता फेकता याच्याच डोळ्यांत गेली होती.

अर्थात त्याच्या पोटात दुसरंच दुखत होतं, आणि ते मला ठाऊक होतं. तरुणपणी दादा स्वतः त्या विद्यापीठात गेला होता. इतिहास घेतला होता त्यानं. सुरुवातीचे दिवस वर्ग शोधण्यात गेले. वर्ग सापडला, तिथं हा महिनाभर मन लावून बसला, मग कळलं की तो अर्थशास्त्राचा. हळूहळू जायचा बंद झाला. त्याला वाटलं, कुणीतरी विचारेल, अरे तो टोपीवाला कुठं गेला? कुणी विचारलं नाही. वर्ष संपताना सहज चक्कर मारली तर हजेरीत हा वर्षभर हजर! कुठला तरी भला मित्र त्याची हजेरी लावत होता. लोक हे सांगताना हसले असते. दादा घरी आला आणि आईजवळ रडला. "मी नव्हतो तरी होतो," म्हणाला, "म्हणजे असतो तरी नसतोच की!" त्यानंतर त्यानं कॅमेरा हातात घेतला. हा माझा दादा, मला त्याचा राग येतो आणि त्याच्यावर माझा जीवही आहे, दोन्ही एकाच वेळी.

विद्यापीठ बघायला खारू माझ्याबरोबर आली. दादा आला नाही; त्याला म्हणे पासपोर्टची गर्दी होती. आम्ही फाटकातून आत गेलो आणि ताबडतोब हरवलो. एका खिडकीवर विचारलं तर त्यांनी दुसऱ्या खिडकीवर पाठवलं, दुसरीनं तिसऱ्या, आणि तिसरी खिडकी म्हणजे पहिलीच निघाली, मागच्या बाजूनं. जिन्यात एक मुलगा गाढ झोपला होता आणि लोक त्याला ओलांडून परीक्षेला चालले होते. स्वच्छतागृहाबद्दल मी काही लिहिणार नाही, वाचणारा जेवत असेल. मी मनात म्हटलं, दादाचं काही अगदीच चुकत नाही.

पण खारूचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं. ती रस्त्याच्या मधोमध चालली, कोपरानं लोकांना ढकललं, तिला लोकांनी ढकललं. मध्येच नाक खाजवलं. मी तिला इतकी वर्षं रंगवलं, पण त्या पोरीला चारचौघांत नाक खाजवताना मी पहिल्यांदा पाहिलं.

वनस्पतिशास्त्राची प्रयोगशाळा एका लांबलचक व्हरांड्याच्या टोकाला होती. आत लाकडी टेबलं, त्यांवर पिढ्यान्‌पिढ्यांनी कोरलेली प्रेमप्रकरणं, आणि सूक्ष्मदर्शकांची रांग. एक बाई चहा पीत बसली होती. आम्ही कोण, कशाला आलो, तिनं काही विचारलं नाही. "बघायचं तर बघा, स्क्रू पिळू नका," एवढं म्हणाली.

खारू वाकली. सवयीनं तिनं तो तल्लीन चेहरा केला, हनुवटी खाली, बट कानामागे. आणि मग तो चेहरा गळूनच पडला. तोंड उघडं, एक डोळा घट्ट मिटलेला, नाक चुरगळलेलं. दादानं असला फोटो फाडून टाकला असता.

"आत्या," ती म्हणाली, "अगं, यात काहीतरी हलतंय!"

हिरवं हिरवं काहीतरी होतं, गोलगोल फिरत चाललेलं. मीही बघितलं. "कशातलं आहे हे?" मी विचारलं.

"वरच्या टाकीतलं पाणी," चहाचा घोट घेत बाई म्हणाली. "तेच पितो आम्ही."

घरी येऊन खारूनं हे सगळं उत्साहानं सांगितलं, आणि टाकीचं सांगायला नको होतं तेही सांगितलं. दादा भडकला. "तिथं जाऊन हरवशील! मेलीस का जगलीस कुणी विचारणार नाही! त्या गर्दीत तुझ्याकडे कोण बघणार आहे?"

"मला तेच हवंय, बाबा," खारू म्हणाली. "कुणी बघत नाही अशी जागा."

दादाचं तोंड एवढंसं झालं. तो उठला आणि स्टुडिओत जाऊन एका गरीब गिऱ्हाइकाला अर्धा तास नॅचरल करत बसला.

शेवटी वहिनीनं तोड काढली. हिरवळवाल्यांचा पालकांसाठी खुला दिवस होता, शनिवारी. विद्यापीठातली जागा सोमवारपर्यंत पक्की करायची होती. "शनिवारी बापलेक जाऊन या," ती म्हणाली. "कॅमेरा घरी ठेवा. नुसतं डोळ्यांनी बघा. मग तिला जे वाटेल ते. आणि मधे कुणी बोलायचं नाही." हे शेवटचं ती माझ्याकडे बघून म्हणाली, पण मला घेऊन गेले ते बरं झालं.

कॅमेऱ्याशिवाय दादा म्हणजे हातपाय बांधलेला माणूस. हिरवळीजवळ पोचलो तर सवयीनं खाली बसायलाच निघाला. मी दंड धरून उभं केलं. उभ्यानं बघितलं की ती हिरवळ जेवढी होती तेवढीच दिसत होती. पलीकडे भिंत, भिंतीपलीकडे कुणाचा तरी गाड्या धुण्याचा धंदा. हिरवळीवर पालक उभे होते, म्हणजे गवत दिसायलाच जागा नव्हती. दादानं टोपी काढली, परत घातली.

तेवढ्यात काळा कोट घातलेली एक बाई धावत आली. प्रवेशाचं सगळं तीच बघायची. खारूला बघून तिचा चेहरा उजळला. "अय्या, आमची फलकावरची! देवासारखी आलीस गं!" आणि कुणाला काही कळायच्या आत खारूचा हात धरून तिला पालकांच्या मधोमध नेऊन उभं केलं. "ही बघा, आमच्या हुशार विद्यार्थिनींपैकी एक. हिलाच विचारा काय ते!"

पालकांचा घोळका वळला. मी दादाकडे बघितलं. तो खरं काय ते सांगेल असं वाटलं. पण त्यानं चक्क खांदे मागे घेतले होते. लेकीचं कौतुक होतंय म्हटल्यावर त्याला राहवेना.

पुढे एक बाई आली. साधी, थकलेली, लांबून प्रवास करून आलेली दिसत होती. चपलांवर धूळ होती. तिच्या मागे खारूच्याच वयाची मुलगी, हातात दादाचं माहितीपत्रक. सारखं उघडून बघून त्याच्या घड्या फाटायला आल्या होत्या. उघडलेलं पान सूक्ष्मदर्शकाचं होतं.

"बाळ," ती बाई खारूला म्हणाली, "हिनं तुझा हा फोटो बघितला आणि हट्टच धरला, की इथंच शिकायचं. आम्हाला काही यातलं कळत नाही. तू इथली आहेस. खरं सांग गं, चांगलं आहे का? पाठवू का हिला?"

खारूनं दादाकडे बघितलं. कॅमेरा नव्हता, तेव्हा बघायला हरकत नव्हती. दादानं नजर चुकवली, आणि ते तिनं पाहिलं.

"काकू," ती म्हणाली, "मी इथं शिकत नाही. मी फोटोपुरती येते."

कोटवाली बाई हसली. तसलं हसू मी नवरीच्या मेकअपनंतर बिल ऐकणाऱ्या सासूच्या तोंडावर बघितलंय.

"सूक्ष्मदर्शक?" मागची मुलगी म्हणाली. तिला आणखी काही सुचलं नाही.

"तो आमच्या घरचा आहे. मोडका. त्यातून काही दिसत नाही." खारूनं पत्रकातल्या त्या पानावर बोट ठेवलं. "बाकी कॉलेज चांगलं असेलही. वाईट असेलही. मला खरंच माहीत नाही. तुम्ही प्रयोगशाळा उघडून दाखवायला सांगा ना. आत जाऊन बघा."

पलीकडे गाडी धुतल्याचा आवाज तेवढा येत होता. मग त्या मुलीची आई दादाकडे वळली. बापलेकीचं नाक एकच आहे, तिनं ओळखलं असावं.

"हे फोटो तुम्ही काढलेत?"

"हो," दादा म्हणाला.

ती थोडा वेळ पत्रकाकडे बघत राहिली. "छान आलेत हो," म्हणाली. अगदी मनापासून म्हणाली, तेच वाईट झालं. तिनं चार शिव्या हासडल्या असत्या तर दादानं त्या पचवल्या असत्या.

परत येताना आम्ही तिघं स्कूटरवर, म्हणजे कायद्यानं एक जास्त. चौकात आल्यावर दादानं वेग कमी केला नाही, सरळ थांबलाच, फलकाखाली. मागून शिव्यांचा पाऊस सुरू झाला. दादा वर बघत होता.

"वाफ्यात पडलो म्हणून हसलीस ना?" त्यानं विचारलं.

"हो," खारू म्हणाली.

"मी आता उभ्यानं बघितलं," दादा म्हणाला. "काही नाही तिथं." आणि मग बराच वेळ त्याला स्कूटर सुरू करता येईना. मागचा ट्रकवाला खाली उतरून आला, दादाचा चेहरा बघून काही न बोलता परत गेला.

हिरवळवाल्यांचं काम अर्थातच गेलं. त्यांनी दुसरा फोटोग्राफर धरला. त्या शहाण्यानं हिरवळ जेवढी आहे तेवढीच दाखवली, तेव्हा वर्षभरात झक मारत दादाकडे परत आले. दादानं अट घातली, फोटोत मुलं कॉलेजातलीच पाहिजेत. आता चौकात जी मुलगी आहे ती तीच, घड्या पडलेलं पत्रक घेऊन आलेली. शेवटी तिथंच गेली ती. आईनं प्रयोगशाळा उघडायला लावली, आतलं सामान पेटीबंद होतं, तर पेट्याही उघडायला लावल्या. बरं चाललंय म्हणे तिचं. फोटो मात्र भयंकर आलाय. ठोकळ्यासारखी उभी आहे आणि थेट कॅमेऱ्याकडे बघतेय.

पण मी सांगत होते खारूचं. विद्यापीठाच्या पहिल्या दिवशी तिला सोडायला आम्ही सगळे गेलो. वहिनीनं पोस्टातून सुटी काढली होती. फाटकाशी ही गर्दी. दादानं कॅमेरा आणला होता, त्याला कोण अडवणार? पण तो लोळला नाही, वाकला नाही. नुसता उभा होता. खारूनं आईला मिठी मारली, मला मारली, दादाच्या पोटाला कोपरानं ढोसलं आणि निघाली. मेकअप नाही, काही नाही. पाठीवर पिशवी, केस कसेतरी बांधलेले. बघता बघता ती डोक्यांच्या लाटेत शिरली. डोकी, डोकी, डोकी.

दादा टाचा उंचावून बघायला लागला. मला कळलं त्याला काय होतंय ते. त्यानं कॅमेरा डोळ्याला लावला, आणि बाजारपेठेत कमावलेल्या त्या आवाजात ओरडला, "खारू! इकडे बघ!"

आजवर हे वाक्य तो लेकीनं बघू नये म्हणून ओरडत आला होता. त्या दिवशी पहिल्यांदा त्याला तिनं बघायला हवं होतं.

सगळं फाटक वळलं. पोरं वळली, पोरी वळल्या, पहारेकरी वळला, सायकलवरचा एक मास्तर वळता वळता पडला. कॅमेरा खटकन वाजला.

संध्याकाळी खारू घरी आली ती धुळीनं माखून, वर्ग न सापडता. दारातच दादाला म्हणाली, "हाक ऐकली होती मी! पण मी काय हरणार आहे होय?"

दादा हसायला लागला. इतका हसला की टोपीनं डोळे पुसायला लागला. मग ती टोपी त्यानं बराच वेळ डोळ्यांवरच ठेवली, आणि वहिनी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

तो फोटो आता स्टुडिओत काउंटरच्या मागे लावलाय, रंगवलेल्या धबधब्याचा पडदा काढून त्या जागी. त्यात शेकडो चेहरे आहेत, सगळे दचकलेले, सगळे थेट कॅमेऱ्याकडे बघणारे. दादाच्या शास्त्राप्रमाणे शंभर वेळा मेलेला फोटो. पासपोर्टला आलेली माणसं नॅचरल होता होता तो बघतात आणि विचारतात, एवढं काय आहे यात? दादा सांगतो, माझी मुलगी विद्यापीठात गेली तो दिवस.

"यातली तुमची कुठली?"

"जी बघत नाहीये ती," दादा म्हणतो, आणि कॅमेरा उचलतो.